भोंगेवाल्याला विचारायचा प्रश्न

आमच्या क्लबात दर गुरुवारी संध्याकाळी एक पाहुणा वक्ता येतो, पंचवीस मिनिटं बोलतो, आणि मग अध्यक्ष विचारतात, "कुणाला काही प्रश्न?" यानंतर सभागृहात जी शांतता पसरते, तशी शांतता मी अख्ख्या नाशिकमध्ये दुसरीकडे कुठे ऐकलेली नाही. चाळीस-पन्नास शिकलेली माणसं एकदम आपापल्या चपला निरखायला लागतात. वक्ता बिचारा हसरा चेहरा करून उभा असतो. मागच्या खोलीतून बटाटेवड्यांचा वास येत असतो आणि आमच्या सदस्यांची सगळी जिज्ञासा आधीच तिकडे पोचलेली असते.

क्लब म्हणजे सेवा करणारा क्लब. रक्तदान, गावोगावी चष्मेवाटप, शाळांना पाण्याच्या टाक्या. कामं चांगली होतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गुरुवारची सभा भरायची तर काहीतरी कार्यक्रम हवा, म्हणून वक्ता हवा, आणि वक्ता शोधायचं काम कुणालाच नको असतं. मी शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले आणि क्लबात आले, तेव्हा ते माझ्या गळ्यात पडलं. सगळ्यांना वाटलं, नवीन बाई आहे, वर्षभर करेल आणि कंटाळेल. आता सहा वर्षं झाली. मला कुठल्याही बंद डब्याचं झाकण उघडून बघायची खोड आहे. माझे यजमान तिला नसती उठाठेव म्हणतात.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांसारखेच डॉक्टर आणले. हृदय, गुडघे, मधुमेह, पुन्हा हृदय. पडद्यावर चित्रं यायची आणि दिवे मंद झाले की निम्मं सभागृह डुलक्या घ्यायचं. मग मीच वैतागले आणि ठरवलं की ज्यांना आजवर कुणी भाषणाला बोलावलेलं नाही अशी माणसं आणायची. घोटीचे एक म्हातारे व्यापारी आले. तांदळाचा एक दाणा दाताखाली फोडून तो किती जुना आहे ते सांगायचे. ओझरच्या विमानतळावर धावपट्टीवरून पक्षी हाकलायचं काम केलेले एक गृहस्थ आले. त्यांनी टिटवीचा स्वभाव असा काही सांगितला, की मला अजून टिटवी दिसली की त्यांची आठवण येते. एक बाई आल्या, त्या पेटीचे स्वर दुरुस्त करायच्या. त्या म्हणाल्या, पावसाळ्यात पेटीला सर्दी होते. सभागृह जागं राहायला लागलं. पण प्रश्न? छे. तांदळाच्या व्यापाऱ्यांना कुणी एक शब्द विचारला नाही. ते जाताना मला म्हणाले, "बाई, आवडलं नाही वाटतं लोकांना." मला इतकी लाज वाटली की विचारू नका.

तेव्हापासून मी पेरणी सुरू केली. पेरणी म्हणजे असं, की सभेआधी तीन चिठ्ठ्या लिहायच्या, प्रत्येकीवर एक प्रश्न, आणि तीन विश्वासू सदस्यांच्या हातात गुपचूप द्यायच्या. अध्यक्षांनी विचारलं की एकेकाने उठून आपल्या मनातच आल्यासारखं विचारायचं. वक्ते खूश होतात, अध्यक्ष खूश होतात, आणि एकानं विचारलं की कधीतरी चौथा खरा प्रश्नही येतो. क्लबात सगळ्यांना हे माहीत आहे. कुणी एखादा प्रश्न फार छान विचारला की शेजारचा हळूच म्हणतो, "पेरलेला दिसतोय."

आता आमच्या शिस्तप्रमुखांबद्दल सांगायला हवं. हे पद आमच्या क्लबात आहे. सभेची वेळ सांभाळायची, घंटा वाजवायची, उशिरा येणाऱ्यांना पाच मिनिटं मागे उभं करायचं, हे त्यांचं काम. ते दाराशेजारच्या खुर्चीत बसतात, समोर पितळी घंटा ठेवतात आणि वक्ता कोणी का असेना, विसाव्या मिनिटाला एक टोला आणि पंचविसाव्याला दोन. एकदा एका मोठ्या सर्जनना त्यांनी अर्ध्या वाक्यावर थांबवलं होतं. सातपूरला त्यांचा स्वतःचा कारखाना आहे, लेथ मशीनची कामं करतात, आता मुलगा बघतो. वय साठीच्या पुढे, पण ताठ. कामात चोख, चष्मेवाटपाला पहाटे गाडी काढणारा हाच माणूस. मला ते आवडतात. फक्त त्यांची एक गोष्ट मी निदान पंधरा वेळा ऐकलेली होती.

गोष्ट अशी. विशीत असताना ते सिन्नरजवळच्या एका कारखान्यात तीन महिन्यांच्या ट्रायलवर लागले. नियम असा, की ट्रायलवाल्याला तीनदा उशीर झाला की घरी. दोनदा झाला होता. तिसऱ्या वेळी सातचा भोंगा झाला, फाटक बंद झालं आणि हे तीन मिनिटं उशिरा पोचले. सगळ्यांच्या देखत परत पाठवलं. वडील महिनाभर बोलले नाहीत, मग सायकल काढून घेतली आणि सातपूरला मामाच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून टाकलं. "मी आळशी होतो," ते सांगायचे, "अंथरूण सोडवत नव्हतं. त्या तीन मिनिटांनी मला माणूस केलं." नवीन सदस्य आला की ही गोष्ट, शाळेत बक्षीस समारंभ असला की ही गोष्ट. त्यांच्या कारखान्यात भिंतीवर पाटीच आहे: तीन मिनिटं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सिन्नरकडच्या एका गावात चष्म्यांचं शिबिर ठेवलं होतं. माझी गाडी चुकली म्हणून मी नाशिकच्या द्वारका चौकातून शेअर जीपने निघाले. जीपवाला "पाचच मिनिटं" म्हणत माणसं भरत होता. शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते, पांढरी टोपी, मांडीवर पिशवी. ते मनगटाकडे न बघताच म्हणाले, "सतरा झाली." मी माझं घड्याळ पाहिलं. सतरा मिनिटं झाली होती. मी विचारलं, "कसं काय कळलं?" ते म्हणाले, "सवय हाय. तीस वर्सं भोंगा वाजवलाय."

झालं. माझ्या उठाठेवीला खाद्य मिळालं. सिन्नर येईस्तोवर मी त्यांना सोडलं नाही. भोंगा कसा वाजवतात, किती वेळ बटण दाबून धरायचं, किती लांबवर जातो, वारा असला तर काय होतं, भोंगेवाल्याला रजा मिळते का. ते सगळ्याची उत्तरं देत होते, आधी जपून, मग रंगून. आजूबाजूच्या सात-आठ गावांची घड्याळं त्यांच्या भोंग्यावर लागायची. बायका भात शिजत घालायच्या, शाळा भरायची. कारखाना आता बंद आहे, तिथं कुणाचं तरी गोदाम झालंय. उतरताना मी त्यांचा फोन नंबर घेतला आणि पुढच्या आठवड्यात सिन्नरला त्यांच्या घरी जाऊन धडकले. वक्त्याच्या घरी आधी जायचं, हा माझा रिवाज आहे. घरात माणूस खरा बोलतो.

भाषणाचं नाव काढताच त्यांनी हात जोडले. "ताई, आपल्याला नाय जमायचं. भोंग्याचं काय भाषण करणार? बटण दाबायचं न् सोडायचं." मी म्हटलं, जीपमध्ये बोललात तसंच बोला. त्यांच्या पत्नीने चहा आणला, त्याही म्हणाल्या, जा की, एवढ्या मोठ्या लोकांनी बोलवलंय. आमचे लोक मोठेबिठे काही नाहीत, साधे आहेत, हे पटवायला मी मोबाइलवर शिबिराचे फोटो दाखवायला लागले. ते एकेक चेहरा बघत होते. एका फोटोवर थांबले. शिस्तप्रमुख एका आजीच्या डोळ्यांना चष्मा लावून बघत होते.

"हे कोण?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी म्हटलं, "अहो, हे तर तुमच्याच कारखान्यातले! म्हणजे होता होता राहिले." आणि मी ती तीन मिनिटांची गोष्ट सांगून टाकली, अगदी त्यांच्या आवाजाची नक्कल करून, "त्या तीन मिनिटांनी मला माणूस केलं." मला वाटलं, हसतील.

ते हसले नाहीत. पत्नीला म्हणाले, "जरा दुकानातून बिस्किटं आण." त्या बाहेर पडल्या, पाऊल वाजेनासं झालं, आणि मग ते खाली बघत बोलले.

"त्यो पोरगा वेळेवर आला व्हता."

रोज सकाळी रेडिओवर वेळ लावून भोंगा द्यायचा, हा त्यांचा नेम. त्या दिवशी केबिनमधल्या रेडिओचे सेल उतरलेले. नवीन लग्न झालं होतं, सासऱ्यांनी हातावर घड्याळ दिलं होतं, तोवर कौतुकाने घालत होते, कधी ताडून पाहिलेलं नव्हतं. त्या घड्याळात सात वाजले आणि त्यांनी भोंगा दिला. फाटक लागलं. मग ते समोरच्या टपरीवर चहाला गेले. तिथल्या रेडिओवर सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या सुरू झाल्या, आणि त्यांच्या मनगटावर सात वाजून नऊ मिनिटं झाली होती.

"चार मिनिटं फुडं व्हतं घड्याळ," ते म्हणाले. "म्हंजी तो गेटावर आला तवा सातला एक मिनिट कमी व्हतं. कायमवाल्या तिघाचौघांना लाल खूण झाली, त्यांनी घरी जाऊन बायकांना शिव्या दिल्या आसतील. पण ह्यो ट्रायलवर. मी टपरीवर बसलोय, तो समोर सायकल धरून उभा. वॉचमनला म्हणतोय, मी वेळेवर आलोय, आईनं घड्याळ बघून धाडलंय. मला ऐकू येत व्हतं, ताई. दहा पावलांवर. मी टेबलाखाली हात घेतला, काटा चार मिनिटं मागं केला न् चहा पिलो."

का बोलला नाहीत, असं मी विचारलं नाही. विचारायचं काय? नवीन नोकरी, नवीन लग्न, आणि सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ. पत्नीला आजवर सांगितलेलं नव्हतं, कारण तिच्या वडलांनी दिलेलं घड्याळ चुकलं असं म्हणावं लागलं असतं.

मी म्हटलं, "मी तुमची त्यांच्याशी गाठ घालून देते. एकट्याने भेटा, सांगून टाका."

त्यांनी मान हलवली. "सगळ्या गेटासमोर त्याला माघारी लावला. मंग आता कोपऱ्यात गाठून कसं सांगू? मी येतो तुमच्या सभेत. पण आपणहून माझ्या तोंडातनं निघायचं नाय. चाळीस वर्सांत निघालं नाय. कोणीतरी मला इचारा, भोंगा कधी चुकला का. इचारलं तर मी खोटं नाय बोलणार."

परतीच्या वाटेवर माझं डोकं भणभणत होतं. खरं सांगते, पहिल्यांदा मला कुतूहलच वाटलं. असं काही आमच्या सभागृहात घडेल, आणि ते मी घडवीन! मग मोहदरी घाट उतरताना मला स्वतःचीच शरम वाटली. एका माणसाने चाळीस वर्षं ज्या गोष्टीवर आपलं घर बांधलं, तिची वीट मी चिठ्ठी लिहून काढणार. त्याला सगळ्यांदेखत काय वाटेल? तो कोसळला तर? आणि नाही विचारलं, तर हा म्हातारा चहा पिता पिता रोज ते ऐकत राहणार.

यजमानांना सांगितलं. ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कारखाना नाही, भोंगा नाही, आता कशाला?" मी म्हटलं, मूठ कुणाची पण? ते म्हणाले, तुझी तर नक्कीच नाही. हे मात्र त्यांचं बरोबर होतं. मूठ भोंगेवाल्यांची होती, आणि ती उघडायला ते तयार होते. मी चिठ्ठी लिहायचं ठरवलं.

सभेची सूचना गेली त्याच दिवशी शिस्तप्रमुखांचा फोन आला. आवाज एकदम कोवळा. "ताई, हे त्याच कारखान्याचे? तेच भोंगेवाले? त्यांचा परिचय मी करून देणार. दुसऱ्या कुणाला देऊ नका. मी शाल आणतो." मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मूग गिळून बसले. त्या तीन-चार दिवसांत मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवून दिला.

गुरुवारी भोंगेवाले सव्वासहालाच आले. सभा साडेसहाला. पांढरा शर्ट, धुतलेली टोपी, आणि मनगट मोकळं. मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. वाऱ्यात भोंगा किती लांब जातो, ही एकाला. रजेच्या दिवशी कोण वाजवायचं, ही दुसऱ्याला. आणि तिसरी, ती चिठ्ठी, आमच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंना, कारण त्या आवाज न चढवता, माया लावून विचारतात. चिठ्ठीत एवढंच: आपल्या हातून भोंगा कधी चुकला का?

शिस्तप्रमुखांनी परिचय करून दिला. कारखाना, तीस वर्षांची नोकरी, आणि मग ठरल्याप्रमाणे गोष्ट. त्यांनी त्या दिवशी ती नेहमीपेक्षा चांगली सांगितली. आपला आळस, बंद फाटक, वडलांचं तोंड फिरवणं. शेवटी म्हणाले, "ज्यांच्या भोंग्याने मला वेळेची किंमत शिकवली, ते आज माझ्या शेजारी उभे आहेत," आणि वाकून त्यांच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या झाल्या. भोंगेवाले शाल धरून उभे होते, जणू ती कुणी परत मागेल. मी पहिल्या रांगेत बसून माझ्या पदराचं टोक चुरगळत होते.

पण भाषण! भाषण असं झालं की मी दहा मिनिटं सगळं विसरले. ते म्हणाले, भोंगा वाजवणाऱ्याला भोंगा ऐकू येत नाही, कान सुन्न होतात, त्याला फक्त छातीत कळतो. ते म्हणाले, गावात कोणी गेलं आणि अंत्ययात्रा फाटकावरून जायची असली, की लोक भोंगा होऊ देऊन मगच तिरडी उचलायचे, का ते कोणालाच सांगता यायचं नाही. ते म्हणाले, संपाच्या दिवशीसुद्धा भोंगा द्यावा लागायचा, आत माणूस नाही, फाटकावर घोषणा चालल्यात, आणि आपण एकटे वेळ सांगतोय. आमचे नेहमी झोपणारे वकीलसाहेब खुर्चीच्या काठावर आले होते. विसाव्या मिनिटाला घंटेचा एक टोला झाला. भोंगेवाले दचकले नाहीत, कौतुकाने म्हणाले, "बरोबर." सगळे हसले. शिस्तप्रमुखांना तर परमवीरचक्र मिळाल्यासारखं झालं.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन थरथरला. दुपारी दाढ काढलेल्या पेशंटचं रक्त थांबत नव्हतं. त्या उठल्या, वाकून दाराकडे गेल्या, आणि मी बघत असताना त्यांना काहीतरी आठवलं. त्या थांबल्या. त्यांनी मुठीतली चिठ्ठी दाराशी बसलेल्या माणसाच्या हातात ठेवली, "एवढं विचाराल का?" असं ओठांनीच म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दाराशी शिस्तप्रमुख बसलेले असतात.

मी उठायला हवं होतं. पाण्याचा पेला आणायला, पंखा कमी करायला, काही करून तिथं जायला हवं होतं. पण मी बसूनच राहिले. त्यांनी चिठ्ठी उघडली, वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर मिश्किल हसू आलं. माझं अक्षर त्यांना ओळखता येतं. त्यांनी मला लांबूनच मान डोलावून सांगितलं, काळजी नको, मी विचारतो.

पहिले दोन प्रश्न झाले. मग ते उभे राहिले. पाठ ताठ, हातात चिठ्ठी.

"आपल्या हातून भोंगा कधी चुकला का?" त्यांनी वाचलं, आणि मग आपल्या पदरचं घातलं, "खरं तर हा प्रश्नच चुकीचा आहे. भोंगा चुकत नसतो, माणूस चुकतो, हे या सभागृहात माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? पण विचारायला सांगितलंय म्हणून विचारतो."

भोंगेवाले त्यांच्याकडे बघत राहिले. बहुधा त्यांना वाटलं असेल, मी मुद्दाम शिस्तप्रमुखांच्याच हातात चिठ्ठी दिली. मग त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी, देवाशपथ, मान हलवली की काय केलं ते मलाच आठवत नाही.

"चुकला," ते म्हणाले. "तीस वर्सांत एकदा. चार मिनिटं आधी दिला. आन् तुम्हाला माघारी धाडलं, त्याच दिवशी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. उतरलेले सेल, मनगटावरचं घड्याळ, टपरी, बातम्या. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. "तुम्ही गेटावर पोचले तवा सातला एक मिनिट कमी व्हतं. मला तिथंच कळलं व्हतं. मी बोललो नाय." त्यांनी खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "ही माझी नाय."

सभागृहात कुणी चपलेकडे बघत नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते.

शिस्तप्रमुख उभेच होते. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग विचारलं, "तुम्ही मला पाहिलंत? तेव्हा?"

"पाहिलं. सायकल धरून व्हते. म्हणत व्हते, मी वेळेवर आलोय, आईनं घड्याळ बघून धाडलंय."

"असं मी म्हणालो?"

"तीन-चारदा."

शिस्तप्रमुखांनी हातातली चिठ्ठी पुन्हा उलगडून पाहिली. त्यांच्या तोंडावर जे दिसत होतं, त्याला मी दुःख म्हणणार नाही. वर्गात एखाद्या हुशार मुलाला आपलंच जुनं उत्तर ओळखता येऊ नये, तसं काहीतरी. "मला हे आठवत नाही," ते म्हणाले. "मी तर झोपून राहिलो होतो. मी आळशी होतो. सगळ्यांना मी हेच सांगत आलो." आणि मग आमच्याकडे वळून, जणू आमच्यापैकी कुणी तिथं हजर होतं, त्यांनी विचारलं, "मी झोपलो होतो ना?"

आमच्या क्लबात सहा वर्षांत न पेरता आलेले इतके प्रश्न मी एका दमात ऐकले नव्हते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. का, ते मला विचारू नका.

अध्यक्ष काहीतरी बोलायला उठले, पण शिस्तप्रमुखांनी हाताने थांबवलं. "एक मिनिट. आईला विचारतो."

त्यांच्या आई सिन्नरला धाकट्या मुलाकडे असतात. ऐंशीच्या पुढे, पण कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. एकदा शिबिरात भेटल्या होत्या, तेव्हा त्यांनी आम्हाला चष्मे कसे वाटायचे ते सांगितलं होतं. शिस्तप्रमुखांनी फोन लावला. ते नेहमीच फोन हातावर आडवा धरून स्पीकरवर बोलतात, कारखान्याच्या आवाजात पडलेली सवय. त्यामुळे पलीकडचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"बोल रे. सभा सोडून फोन कशापाई?"

"आई, एक विचारायचंय. मी त्या कंपनीत लागलो होतो बघ, सिन्नरला. मला माघारी लावलं. त्या दिवशी मी झोपून राहिलो होतो का गं?"

"कुठली कंपनी?"

"भोंग्याची."

"हां, ती व्हय. नाय. झोपला कशाला राहशील? पाचलाच उठला व्हता. साडेसहाला म्या काटा बघून धाडला तुला. भाकर बांधून दिली व्हती. ती तशीच माघारी आणली तू."

त्यांनी फोन थोडा जवळ घेतला. "पण अण्णा म्हणाले ना, आपलं घड्याळ मागे पडलंय म्हणून." अण्णा म्हणजे त्यांचे वडील.

"म्हणले की. भोंगा कसा चुकंल म्हणले. आन् भोंगा झाला तवा घड्याळात सातला चार कमी व्हते, म्हणून काटा चार मिनिटं फुडं केला त्यांनी. दुसऱ्या दिवशी भोंगा झाला, तवा घड्याळात सात वाजून चार मिनिटं झाले व्हते. मंग मी स्टुलावर चढले न् काटा व्हता तिथं करून ठेवला."

भोंगेवाल्यांनी टेबलाची कड धरली होती.

"म्हणजे तुला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," शिस्तप्रमुख म्हणाले. त्यांचा आवाज विशीतल्या पोरासारखा झाला होता. "आई, मी चाळीस वर्षं... मग तू बोलली का नाहीस?"

मग त्या म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं सांगितलं.

"मला कोणी इचारलंच नाय रे. आज तू इचारलं, सांगितलं."